सभा तहकूब, यात्रा चालू

जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तोच हा रेडा, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते, लोक लांबलांबून दर्शनाला येतात. आता जिथे बोलणाऱ्या रेड्याला एवढा मान आहे, तिथल्या बोलत्या माणसाने गप्प का बसावे? एकदा हातात गेलेला माईक माणसाकडून परत कसा घ्यायचा, ही आमच्या तालुक्याची जुनी अडचण आहे.

याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी हा रेडिओ दुर्बिणींचा समूह आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी शेताशिवारात पसरलेल्या आहेत आणि विश्वाच्या पार टोकाकडून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी त्या टिपत असतात. प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, त्याचे एक मोठे कारण असे की इथे गोंगाट कमी होता. शास्त्रज्ञांचा गोंगाट म्हणजे रेडिओ लहरींचा, हे खरे. आपला साधा, भोंग्यातून येणारा गोंगाट त्यांनी मोजायला घेतला असता, आणि तोही चैत्र-वैशाखात, तर पहिल्याच रात्री त्यांनी सामान बांधले असते. ते राहिले, हे विज्ञानाचे नशीब. त्यामुळे आज तालुक्यात ऐकण्याचे काम मन लावून करणारे निदान तीसजण तरी आहेत.

बाकी आम्ही सगळे कार्यक्रमात असतो. १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर शासकीय शिवजयंती. त्या दिवशी मुख्यमंत्री येतात, म्हणून १८ तारखेपर्यंत रस्त्याला डांबर येते. पुढे तिथीची शिवजयंती, म्हणजे महाराजांना मुजरा दोनदा आणि वर्गणीही दोनदा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. त्या दिवशी खोडदची दुर्बीण सगळ्यांना पाहायला मिळते आणि शाळाशाळांची पोरे थर्मोकोलचे ज्वालामुखी घेऊन येतात. मग पाडवा, मग यात्रा, मग लग्ने, मग आषाढीच्या दिंड्या. श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराच्या मंदिरात तांदळाच्या पिंडी पाहायला रांगा आणि बाहेर कुस्त्या. अष्टविनायकांतले दोन गणपती, लेण्याद्री आणि ओझर, आमच्याकडेच असल्यामुळे भाद्रपदाला आणि माघाला वेगळे निमंत्रण लागत नाही. मधल्या रिकाम्या जागी हरिनाम सप्ताह, उद्‌घाटने, वाढदिवस आणि दशक्रिया विधी बसतात. एखाद्या तारखेला काहीच नसेल तर त्या दिवशी त्या सगळ्यांची नियोजन बैठक असते.

कार्यक्रम कळतो कसा? पूर्वी कोतवाल दवंडी देत असे. काय, कुठे, कधी एवढे तीन वाक्यांत सांगून तो पुढच्या आळीला जायचा. आता फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर वरच्या बाजूला देव, त्याच्या खाली नेते, मध्ये गॉगल लावलेले उत्सवमूर्ती आणि तळाला शुभेच्छुकांचे पन्नाससाठ चेहरे. तारीख आणि वेळ या सगळ्यांतून उरलेल्या जागेत, म्हणजे बहुधा कोणाच्या तरी कोपराखाली असते. पण कार्यक्रमाला किती लोक येणार याचा अंदाज याच फ्लेक्सवरून बांधता येतो, कारण ज्यांचे फोटो आहेत त्यांच्यातले निम्मे आले तरी मांडव भरतो. ज्याचा फोटो राहून गेला, तो वेगळा फ्लेक्स लावतो.

या फ्लेक्सला पुनर्जन्म आहे हेही सांगितले पाहिजे. निवडणूक संपली की तो चौकातून उतरतो आणि शेतावर जातो. वळवाचा पाऊस आला की कांदा झाकायला त्याच्याइतका धड कागद दुसरा नाही. निवडून आलेला उमेदवार पाच वर्षे दिसत नाही, पण पडलेला उमेदवार भर पावसात रात्रभर हात जोडून आमच्या कांद्याचे रक्षण करताना मी पाहिला आहे.

फ्लेक्सवाल्याचा 'भावी सरपंच' हा साचा कायम तयार असतो. सरकारनेही त्याला कधी बेकार होऊ दिले नाही. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असे २०१७ मध्ये ठरले, २०२० मध्ये ते रद्द होऊन सदस्यांनी निवडायचा असे झाले, २०२२ मध्ये पुन्हा जनतेतून. इतक्या उलथापालथीत एकच पद अबाधित राहिले, ते म्हणजे 'भावी'. २०११ पासून महिलांना निम्म्या जागा मिळाल्या, तेव्हा काही गावांत या पदाची पंचाईत झाली होती. त्यावर तोडगा निघाला. फ्लेक्सवर सरपंचबाईंचा फोटो पासपोर्टच्या मापाचा आणि त्यांच्या यजमानांचा पूर्णाकृती. अलीकडे मात्र काही बायांनी फोटोचे माप स्वतः सांगायला सुरुवात केली आहे. यजमानांची प्रकृती तेव्हापासून जरा नरम असते.

फ्लेक्सनंतर पत्रिका. कार्यक्रमाची पत्रिका काढणे हे मसुदा समितीचे काम आहे. 'अध्यक्ष', 'उद्‌घाटक', 'प्रमुख पाहुणे', 'प्रमुख उपस्थिती', 'विशेष उपस्थिती', 'सन्माननीय उपस्थिती' आणि एवढे करूनही उरतील ते 'निमंत्रक'. यात कोणाचे नाव कोणाच्या वर गेले, यावरून दोन चुलतभावांची बोलाचाल बंद झालेली गावे दाखवता येतील. शहाणे लोक शेवटी 'नावे अनुक्रमाने नाहीत' अशी तळटीप टाकतात. ही तळटीप वाचून कोणाचेही समाधान झालेले नाही, पण भांडायला लेखी पुरावा मिळतो.

मग सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. कार्यक्रम दहाचा असेल तर साडेअकराला सुरू होतो आणि एकपर्यंत सत्कार चालतात, कारण व्यासपीठावर जितकी माणसे तितके सत्कार, शिवाय ते करणारेही कोणीतरी मोठेच लागतात, आणि ते मोठे आहेत म्हटल्यावर आधी त्यांचा सत्कार करावा लागतो. शाली मात्र संपत नाहीत. जानेवारीत उपसरपंचांना मिळालेली शाल मार्चमध्ये मुख्याध्यापकांच्या खांद्यावर दिसते आणि वैशाखात एखाद्या लग्नात व्याह्यांच्या. नारळाचा प्रवास थोडा कमी, कारण तो घरी गेला की फुटण्याचा धोका असतो. 'आता मी फार वेळ घेणार नाही' असे म्हणून वक्ता उभा राहिला की आमच्याकडच्या बायका पाण्याच्या बाटल्या भरून आणतात.

पण हे सगळे किरकोळ. तालुक्याचा खरा कारभार पाहायचा तर यात्रा पाहावी.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागलेल्या असतात. नावाजलेल्या फडांचे व्यवस्थापक तिथे बैठक टाकून बसतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव, त्यामुळे तमाशाची पंढरी म्हणून त्याचे नाव आहे. इथली बोलणी एकदा ऐकावी. कमिटीत पाचजण असतात. एक भाव पाडतो, एक उठून जायला निघतो, एक त्याला हाताला धरून बसवतो, एक मागच्या साली वगात राजाचा मुकुट दोनदा पडल्याची आठवण काढतो आणि पाचवा पैसे कमरेला बांधून गप्प बसतो. सुपारी लाखांत असते. लेखी कागद होतो, तारीख ठरते, विसार दिला जातो. रात्रीचा खेळ, सकाळची हजेरी, सगळे कलमवार. या पाचजणांपैकी एकानेही आयुष्यात करार नावाची वस्तू वाचलेली नसते, असा शिक्षितांचा समज आहे. तो समज घेऊन शिक्षितांनी एखाद्या बिल्डरकडून फ्लॅट घ्यावा आणि या पाचजणांनी तमाशा ठरवावा, आणि मग कोणाला ठरल्याप्रमाणे मिळाले ते पाहावे.

यात्रेच्या दिवशी गाव दुप्पट होते. मुंबईचे डबेवाले बहुतेक जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ याच पट्ट्यातले. यात्रांच्या हंगामात ते पाच-सहा दिवस रजा टाकून गावाला येतात. जगभरच्या व्यवस्थापनशास्त्राच्या लोकांनी ज्यांच्या वक्तशीरपणाचा अभ्यास केला ती ही माणसे. पाऊस, लोकलचा गोंधळ, बंद, कशाचीही सबब न सांगता डबा पोचवणारी. पण पालखी निघायची म्हटली की नरिमन पॉइंटच्या साहेबाने त्या आठवड्यात काय खावे, हे साहेबाचे साहेबाने बघायचे.

सकाळी अभिषेक, मांडवडहाळे, दुपारी कुस्त्या आणि घाटात बैलगाडा. बैलगाडा शर्यत न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंद केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला. या तारखा मी कुठल्या पुस्तकातून काढलेल्या नाहीत. घाटावर भेळ खात बसलेल्या कोणालाही विचारा, तो सांगतो. स्वतःच्या लग्नाची तारीख विचारली तर मात्र बायकोकडे बघतो. सात वर्षे या लोकांनी मोर्चे काढले, वर्गण्या काढून वकील दिले, आणि 'सात-आठ महिन्यांनी पुढची तारीख' या वाक्याची सवय करून घेतली. आमच्या भागातली बारी घड्याळावर चालते. पुढे घोडी, मागे बैल, आणि गाडा अकरा-बारा सेकंदांत घाट चढून जातो. सगळा खेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. त्या बारीच्या आधी गाडामालकाचे, त्याच्या वडिलांचे, वस्तीचे, बैलांचे आणि बैल ज्याच्याकडून घेतला त्याचे निवेदन मात्र चांगले दहा मिनिटे चालते. भोंग्यावरचा निवेदक यमक जुळवत सुटलेला असतो. बैलांना थांबायला कासरा आहे, निवेदकाला तोही नाही.

दुःखाच्या प्रसंगीही माईक सुटत नाही. दशक्रियेला नदीकाठी प्रवचन होते आणि त्यानंतर श्रद्धांजलीची भाषणे. तालुक्यातला एकही पुढारी दहाव्याला गैरहजर राहत नाही, कारण लग्नाला नाही आला तर लोक विसरतात, दहाव्याला नाही आला तर लक्षात ठेवतात. 'आप्पांच्या जाण्याने तालुक्याचे न भरून येणारे नुकसान झाले' असे सांगून तोच पुढारी तासाभरात दुसऱ्या घाटावर दुसरे न भरून येणारे नुकसान सांगायला जातो. सगळी सभा एका कावळ्यावर खोळंबलेली असते. कावळा लवकर शिवत नाही तेव्हा घरचे लोक गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल याची चर्चा करतात. मला वाटते, त्याची इच्छा भाषणे संपावीत एवढीच असावी. ती संपली की कावळा येतोच.

आता एवढे बोलके, एवढे हौशी, एवढे हिशेबी लोक. त्यांना कायद्याने वर्षातून चार वेळा बोलायचा हक्क दिला आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा. १९५८ चा ग्रामपंचायतीचा कायदा आहे, १९९३ पासून संविधानाचे पाठबळ आहे. गावातला कोणीही मतदार उभा राहून सरपंचाला खर्च विचारू शकतो. निमंत्रण नको, फेटा नको, पत्रिकेत नाव नको.

आणि तिथे कोणी येत नाही.

गणसंख्या काही फार नाही. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जे कमी असेल ते. यात्रेत एका भेळेच्या गाडीपाशी याहून जास्त लोक असतात. पण ग्रामसभेला झेंडावंदनाची पोरे जिलेबी घेऊन गेली की मागे उरतात सरपंच, शिपाई, दोन म्हातारे, एक कायमचा तक्रारदार आणि भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. २०२४ मध्ये शासनाने त्यांना ग्रामपंचायत अधिकारी केले. नावाची पाटी बदलली. लोक 'भाऊसाहेब' म्हणायचे ते तसेच म्हणतात, आणि भाऊसाहेबांकडे तीन गावांचा कारभार होता तो तसाच आहे.

मग सभा कोरमअभावी तहकूब होते. यातली खुबी बाहेरच्यांना माहीत नसते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणसंख्येची अट नाही. म्हणजे शंभर माणसांना न जमलेले काम सहाजणांत रीतसर होऊ शकते. त्यामुळे कोरम न भरणे ही कारभाऱ्यांना अडचण वाटत नाही. काहींना ती सोय वाटते. दोन दिवसांनी शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार येतो. 'कशाची सही?' असे विचारले तर 'तुम्ही सभेला होता त्याची' असे उत्तर मिळते. ज्या सभेत आपण नव्हतो त्या सभेत आपण कोणत्या ठरावाला अनुमोदन दिले, हे पुढे दोन-तीन वर्षांनी गटार खचल्यावर कळते.

ग्रामसभा भरतच नाही असे नाही. घरकुलांची यादी वाचायची असली की पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी गावातल्या पक्क्या बंगल्यांचे मालकसुद्धा आपण कुडाच्या घरात राहतो अशी शपथ घ्यायला तयार असतात. दारूबंदीसाठी बाया जमल्या की उभी बाटली की आडवी, या मतदानापर्यंत त्या विषय सोडत नाहीत, आणि त्या दिवशी पुरुषमंडळींना नेमके तालुक्याला काम निघते. आणि तिसरा विषय बिबट्याचा. उसात बिबटे आहेत, माणसे गेली आहेत, आणि शेतीची वीज मात्र बऱ्याचदा रात्रीची. अंधारात पाणी धरायला ज्याला जावे लागते तो सभेला येतो आणि भाषण न करता उभा राहून विचारतो, 'लाईट दिवसा देता का नाही, तेवढं सांगा.' त्या दिवशी कोणी शाल काढत नाही. ठराव होतो, भराभर सह्या होतात, आणि तो कागद वर जातो. वर म्हणजे कुठे, हे त्या कागदालाच ठाऊक.

एरवी मात्र शुकशुकाट. जाणकार याला उदासीनता म्हणतात. लोकांना सार्वजनिक पैशाची पर्वा नाही, असे ते पुण्यात बसून लिहितात. अशा जाणकारांना मी यात्रा झाल्यावरच्या हिशेबाच्या बैठकीला नेऊन बसवीन.

ही बैठक देवळाच्या सभामंडपात होते. तिला कायद्याचा आधार नाही, नोटीस नाही, भाऊसाहेब नाहीत. तरी दिवेलागणीला मंडप भरलेला असतो. खजिनदार वही उघडतो आणि ओळीने वाचू लागतो. मांडववाला, बँड, हारतुरे, शेरणी, पालखीची फुले, तमाशा, पैलवानांचे इनाम.

'शेरणीला साखर किती?'

'एक पोतं.'

'मागल्या साली पाऊण लागलं होतं.'

'औंदा माणूस जास्ती होतं, नाना.'

'माणूस जास्ती होतं तर नारळ कमी कसे?'

यावर अर्धा तास चर्चा. नारळवाल्याला फोन लागतो. स्पीकर चालू करून त्याची साक्ष सगळ्या गावासमोर होते. शिल्लक उरलेले बत्तीस नारळ कोणाच्या घरी आहेत याचा शोध लागतो. ते त्याच रात्री मंडपात येतात आणि तिथेच लिलावात निघतात. बोली चढत जाते, बाजारात तीसला मिळणारा नारळ पाचशेला जातो आणि घेणारा खुशीने पैसे मोजतो. इथे बायका मागे बसतात, पण बोलतात. तरुण पोरे मोबाईलवर बेरीज तपासतात. आणि वही पूर्ण वाचून झाली, शिल्लक सांगितली, पुढच्या सालची कमिटी ठरली, असे झाल्याशिवाय कोणी उठत नाही. संसदेच्या लोकलेखा समितीने एकदा इथे शिकाऊ म्हणून यावे.

हेच लोक ग्रामपंचायतीच्या लाखोंच्या पाइपलाइनबद्दल चकार शब्द विचारत नाहीत. कारण यात्रेची पट्टी त्यांनी स्वतःच्या खिशातून, दारात उभ्या असलेल्या पोरांच्या हातात दिलेली असते, आणि भोंग्यावरून ती नावासकट जाहीर झालेली असते. एकावन्न रुपये देणाऱ्याचा एकावन्न रुपयांइतका हक्क सिद्ध असतो. पाइपलाइनचा पैसा 'वरून' आलेला. तो कुठल्या खात्यातून निघाला, कोणत्या आयोगातून आला, कोणाच्या डिजिटल सहीने गेला, यात आपले काय होते असे कोणालाच वाटत नाही. आकाशातून पडलेल्या पैशाचा हिशेब आकाशाने मागावा. काडेपेटीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तूवर आपण कर भरतो आणि ती पाइप आपल्याच पट्टीतली आहे, हे भोंग्यावरून एकदा नावासकट सांगायला हवे होते. ते कोणी सांगितले नाही. घरपट्टीची थकबाकी वाढत जाते आणि यात्रेची पट्टी पाडव्याच्या आत गोळा होते, त्याचे मूळ इथेच आहे.

म्हणून मी आमच्या गावात एक सूचना केली. यात्रेच्या हिशेबाच्या बैठकीला जोडूनच ग्रामसभा घ्या. मंडप तोच, वही वाचायची रीत तीच. नारळानंतर लगेच पाइप. मीटरला किती, मागल्या साली किती, उरलेली कोणाच्या शेतात पुरली आहे, आणि पाइपवाल्याला फोन लावून स्पीकर चालू करा. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पोरे म्हणाली, आम्ही बेरीज करतो. बाया म्हणाल्या, मग गटाराचेही त्याच दिवशी घ्या. सरपंचबाईंनी तर विषयपत्रिकेचा कागदच काढला. यजमानांना तेवढ्यात कोणाचा तरी फोन आला आणि ते देवळाबाहेर गेले.

भाऊसाहेबांना कल्पना फार आवडली. 'झकास आहे,' ते म्हणाले, 'फक्त त्यासाठी ग्रामसभेत तसा ठराव लागेल.'

'पण कोरम?'

'त्याची काळजी करू नका. सभा तहकूब होईल आणि ठराव एकमताने मंजूर होईल.'